शेअर्ड लायब्ररीतले बदल गायब होताहेत, आणि कोणालाच एररही येत नाही

कंट्रोलकार्ड

नमस्कार मंडळी. इथे मेनफ्रेमवर पोट भरणारे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून ठाऊक आहे, म्हणून प्रश्न इथेच टाकतोय.

आमच्याकडे बॅचच्या पॅरामीटर कार्डांची एक लायब्ररी आहे. साधी पीडीएस (एकाच डेटासेटमध्ये, म्हणजे फाइलमध्ये, नावानिशी अनेक तुकडे; प्रत्येक तुकडा म्हणजे मेंबर), ८० अक्षरांच्या ओळी, मेंबर भरपूर. तिला हात लावणारे तिघे: हिंजवडीतून आम्ही, तिकडे क्लायंटची माणसं, आणि रात्रीचा एक जॉब, जो सायकल (ठरलेल्या जॉबांची मालिका) सुरू व्हायच्या आधी कार्डांमधल्या तारखा बदलतो. सगळे ती डिस्प=शेअरने, म्हणजे इतरांसोबत वाटून, उघडतात. हल्ली दोन प्रकार होताहेत.

पहिला: संध्याकाळी कोणीतरी मेंबर बदलून सेव्ह करतं, सकाळी बघावं तर बदल नाहीत. किंवा उलट, जॉबने टाकलेली तारीख गायब, कालचीच शिल्लक, आणि अख्खी सायकल जुन्या तारखेवर धावते.

दुसरा जास्त भीतीदायक. मेंबर उघडला तर आत भलत्याच मेंबरचा मजकूर. नाव एकाचं, पोट दुसऱ्याचं.

ऑपरेशन्सवाले म्हणतात, आयएसपीएफ एडिट (मेनफ्रेमचा नेहमीचा एडिटर) लॉक घेतं, त्यामुळे दोघं एकदम लिहूच शकत नाहीत. मॅनेजरसाहेबांचा तोडगा: सगळीकडे डिस्प=ओल्ड (एका वेळी एकालाच) करून टाका. मला दोन्ही पटत नाहीये, पण का ते धड सांगताही येत नाहीये.

बॅचवाला

तीन गोष्टी सांगा, मग बोलू. १) तो रात्रीचा जॉब मेंबर लिहितो कशाने? आयईबीजेनर, आयईबीअपडीटीई या युटिलिटींनी की रेक्स स्क्रिप्टने? २) ती डिस्क किती एलपारवर (मशीनच्या स्वतंत्र विभागांवर) ऑनलाइन आहे? ३) एडिट करणारे सगळे आयएसपीएफमधूनच करतात का?

कंट्रोलकार्ड

१) रेक्स. टीएसओच्या (मेनफ्रेमवरच्या इंटरॅक्टिव्ह सेशनच्या) अलोकेटने लायब्ररी शेअरने घेतो, मग एक्सेकआयओ डिस्कडब्ल्यूने लिहितो. कोणी लिहिलंय देव जाणे, वरची कॉमेंट २००३ ची आहे.
२) प्रॉडक्शन आणि डेव्हलपमेंट, दोन्हीवर.
३) जुने लोक आयएसपीएफ. नवीन पोरं व्हीएस कोडमधून, झोवे एक्स्प्लोरर (मेनफ्रेमच्या फाइली उघडणारं एक्स्टेन्शन) लावून.

बॅचवाला

तिन्ही उत्तरं वाईट. :) हिरवापडदा, या, तुमचा विषय आहे.

हिरवापडदा

आलो. ऑपरेशन्सवाले खोटं बोलत नाहीयेत, पण अर्धंच सांगताहेत.

झेड ओएसवर, म्हणजे मेनफ्रेमच्या ओएसवर, लॉक म्हणजे एनक्यू. एनक्यू मागताना दोन नावं द्यावी लागतात, एक मोठं आणि एक धाकटं, आणि शेअर्ड हवाय की एक्सक्लुझिव्ह तेही. दोघांनी तीच दोन्ही नावं घेऊन मागितलं, तरच सिस्टिम एकाला थांबवते. नावात फरक असेल तर त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, भले दोघं एकाच फाइलवर बसलेले असोत.

जेसीएलमध्ये (जॉबच्या सूचनांमध्ये) डीडी, म्हणजे डेटासेट मागणारी ओळ, लिहिली की मोठं नाव सिसडीएसएन आणि धाकटं नाव म्हणजे डेटासेटचं नाव. शेअर लिहिलं तर शेअर्ड. ओल्ड, न्यू, मॉड, तिन्ही एक्सक्लुझिव्ह. आणि हे पूर्ण डेटासेटला लागतं. डीडीत कंसात मेंबर दिला म्हणून लॉक त्या मेंबरपुरता होत नाही.

आयएसपीएफ एडिट मात्र डेटासेट शेअरनेच घेतं, नाहीतर एका वेळी एकच माणूस लायब्ररीत शिरू शकला असता. त्याच्यावर ते एसपीएफएडिट या मोठ्या नावाने आणखी एक एनक्यू घेतं, एक्सक्लुझिव्ह, धाकटं नाव डेटासेट अधिक मेंबर. मेंबर उघडल्यापासून बंद करेपर्यंत तो हातात असतो. म्हणून दुसऱ्याने तोच मेंबर उघडायला घेतला की 'मेंबर इन यूज' येतं आणि एफ१ दाबत गेलं की कोणाकडे अडकलाय तेही कळतं. सेव्ह करताना डिरेक्टरी सांभाळायला नुसत्या डेटासेटच्या नावाने पुन्हा एसपीएफएडिट घेतलं जातं, ते वेगळं.

आता तुमचं रेक्स यातलं काय घेतं? सिसडीएसएन, तोही शेअर्ड. बस. एसपीएफएडिटचं नावही काढत नाही.

म्हणजे असं होतं. कोणीतरी सात वाजता मेंबर एडिटला उघडला. मजकूर त्याच्या सेशनच्या मेमरीत आला. साडेसातला जॉबने तोच मेंबर लिहिला आणि बंद करून निघून गेला, त्याला कोणी अडवलंच नाही. आठ वाजता पहिल्याने सेव्ह मारला. त्याच्याकडे सातचा मजकूर, तो जसाच्या तसा खाली उतरला आणि जॉबची तारीख गेली. अॅबेंड (जॉब मधेच पडणं) नाही, मेसेज नाही, दोघांचाही रिटर्न कोड शून्य. उलट बाजूनेही हेच: जॉब आधी मेंबर वाचतो, हिशेब करतो, मग लिहितो. त्या दोन टोकांमध्ये ज्याने सेव्ह केलं त्याचं काम गेलं.

तुमचा पहिला प्रकार सरळसरळ हाच आहे. दुसऱ्याचं कारण वेगळं असणार. कारण एकाच सिस्टिमवर दोघं जण एकच पीडीएस शेअरने एकाच क्षणी आउटपुटला उघडायला गेले तर दुसऱ्याला एस२१३-३० हा एरर खाऊन बाहेर पडावं लागतं. डिरेक्टरीचा असा सत्यानाश त्यामुळे एरवी होत नाही. मला तुमच्या त्या दोन एलपारचा संशय येतोय. कोणी सिसप्रोग (सिस्टिम प्रोग्रामर) असतील तर बोला.

नवशिक्या_बाणेर

बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. म्हणजे एकाने लॉक घेतलेला असताना लॉक न मागणारा बिनदिक्कत लिहू शकतो? ओएस अडवत नाही? मग रॅकफ कशाला आहे?

हिरवापडदा

हसण्यासारखं काही नाही, मुद्द्याचा प्रश्न आहे. रॅकफ बघतं तुला लिहायचा अधिकार आहे का. या घडीला दुसरं कोणी लिहितंय का, हे बघणं त्याच्याकडे नाही.

एनक्यू म्हणजे एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल. रुमालाला मान देणारे असतील तोवर जागा तुमची. तो बाजूला सारून बसणाऱ्याला सीट स्वतः काही अडवत नाही. आयएसपीएफवाले एकमेकांचे रुमाल ओळखतात. हे रेक्स सीटकडे बघतं, रुमालाकडे नाही.

सरळमार्गी

एवढा काथ्याकूट कशाला? मॅनेजर बरोबर सांगताहेत. जॉबमध्ये ओल्ड टाका. सिसडीएसएन एक्सक्लुझिव्ह, एडिटवाल्यांचा शेअर्ड, दोन्ही एकत्र नांदत नाहीत. प्रश्न मिटला.

बॅचवाला

प्रश्न मिटतो, सायकलही मिटते.

सरळमार्गी, कागदावर तुमचं बरोबर आहे. आता खरी रात्र बघा. एक पोरगा एडिटमध्ये मेंबर उघडा ठेवून जेवायला गेला. त्याचा टीएसओ सेशन सिसडीएसएन शेअर्ड धरून बसलाय. जॉबला ओल्ड हवंय. इनिशिएटर (जॉब सुरू करणारा भाग) आयईएफ०९९आय हा मेसेज छापतो, 'वेटिंग फॉर डेटासेट्स', आणि जॉब थांबतो. पोरगा गरम पोळ्या खातोय.

याच्याही पुढचं लोक विसरतात. एनक्यूची रांग असते. एक्सक्लुझिव्ह मागणारा रांगेत उभा राहिला की त्याच्या मागून आलेले शेअर्डवालेही त्याच्या मागेच उभे राहतात, पुढे घुसत नाहीत. त्या लायब्ररीतून नुसतं कार्ड वाचणारे बाकीचे पन्नास जॉब एका पोराच्या जेवणापायी खोळंबतात. टीएसओवाल्यांची गत निराळी: त्यांचं अलोकेशन थांबत नाही, तिथल्या तिथे पडतं, आयकेजे५६२२५आय, 'ऑलरेडी इन यूज, ट्राय लेटर'. मग हेल्पडेस्कला फोन.

आणि जॉबमधला डेटासेटचा एनक्यू स्टेपला नाही, जॉबला लागतो. सगळ्या डेटासेटचे एनक्यू सुरुवातीलाच घेतले जातात आणि जी स्टेप तो डेटासेट शेवटची वापरते ती संपेपर्यंत सुटत नाहीत. कुठल्याही एका स्टेपमध्ये ओल्ड असेल तर पहिल्या स्टेपपासूनच एक्सक्लुझिव्ह. तारखा बदलणारी स्टेप दुसरी आणि त्याच लायब्ररीतून कार्ड वाचणारी स्टेप विसावी असेल तर विसाव्यापर्यंत बाकी जग बाहेर. झेड ओएस २.१ पासून जॉब कार्डावर डीएसएनक्यूशेअर हा पर्याय आला, त्याने शेवटची ओल्डवाली स्टेप संपल्यावर एक्सक्लुझिव्हचा शेअर्ड होऊ शकतो. पण जॉब क्लासनेही तशी मुभा दिलेली असावी लागते आणि बऱ्याच ठिकाणी याची कोणाला खबरही नसते.

सरळमार्गी

मान्य, लायब्ररीसाठी ओल्ड महाग पडतं. पण सिक्वेन्शियल फाइलला तरी ओल्डच हवं ना? आमच्याकडे दोन जॉब एकाच फ्लॅट फाइलवर शेअरने लिहिताना मी डोळ्यांनी बघितलेत.

बॅचवाला

तिथे शंभर टक्के तुमच्या बाजूने. सिक्वेन्शियलला ते २१३-३० चं संरक्षणही मुळात नाही. दोघं शेअर टाकून आउटपुटला उघडतात, दोघं पहिल्या ट्रॅकपासून लिहायला लागतात, शेवटी बंद करणाऱ्याने फाइलचा शेवट जिथे ठरवला तो खरा. कधी कधी एकाचे रेकॉर्ड वर आणि दुसऱ्याची शेपटी खाली अशी फाइल मिळते.

सिस्टिमकडून बंदोबस्त हवा असेल तर पार्मलिबमध्ये (सिस्टिमच्या सेटिंग्जच्या लायब्ररीत) आयएफजीपीएसईडीआय नावाचा मेंबर असतो. एन्हान्स्ड डेटा इंटेग्रिटी. वॉर्न ठेवला तर फक्त मेसेज, एनफोर्स ठेवला तर दुसरा ओपनलाच पडतो. मेंबरच नसेल तर ही सोय झोपलेली. आधी वॉर्नवर ठेवून काही महिने लॉग बघा. एनफोर्स एकदम लावलात तर कुठकुठले जुने जॉब उघडे पडतील सांगता येत नाही.

आणि सगळ्यांनी एकाच फाइलच्या शेवटी जोडायचं हे डिझाइनच मला आवडत नाही. प्रत्येक फीडला स्वतःचा जीडीजी (दर वेळी नवी आवृत्ती बनणारा डेटासेट) द्या, शेवटी एका सॉर्टने एकत्र करा. लॉकच लागत नाही.

कोडकरीण

मी व्हीएस कोडवाल्या 'नवीन पोरां'पैकी, त्यामुळे आमच्या बाजूने बोलते. आम्हाला सरसकट गुन्हेगार ठरवू नका. :)

झोवे एक्स्प्लोरर मेंबर उघडतो तेव्हा झेडओएसएमएफकडून (मेनफ्रेमच्या वेब सेवेकडून) मजकुरासोबत एक ईटॅग येतो, म्हणजे त्या घडीच्या मजकुराची खूण. सेव्ह करताना ती खूण परत जाते. मधल्या वेळात मेंबर बदललेला असेल तर खुणा जुळत नाहीत, सेव्ह नाकारला जातो आणि दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी दाखवून 'काय करायचं' विचारलं जातं. सात ते आठच्या मध्ये जॉब येऊन गेला असता तर आम्हाला ते कळलं असतं. तुमच्या आयएसपीएफवाल्याला नाही कळलं.

मात्र दोन गोष्टी खऱ्या आहेत. मेंबर आमच्या एडिटरमध्ये उघडा असताना एसपीएफएडिट धरलेला नसतो, म्हणून आयएसपीएफवाल्याला 'इन यूज' दिसत नाही. आणि ती तुलना समोर आल्यावर न वाचता 'माझंच ठेव' दाबणारे लोक आहेत. माझ्या टीममध्येच आहेत.

स्वतःची स्क्रिप्ट लिहून झेडओएसएमएफच्या फाइल एपीआयवर सरळ पुट मारत असाल तर ईटॅग पाठवायची जबाबदारी तुमची. नाही पाठवला तर निमूट वरून लिहिलं जातं. त्या एपीआयला एनक्यू धरून ठेवायला सांगणारा हेडरही आहे, पण त्याच्यासोबत सेशन सांभाळायची कटकट येते. साध्या कामाला ईटॅग पुरतो.

हिरवापडदा

कोडकरीण, +१. म्हणजे दोन पंथ झाले: आयएसपीएफ आधी अडवतं, झोवे शेवटी तपासतं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. वाट लावतो तो तिसरा, जो अडवतही नाही आणि तपासतही नाही. म्हणजे हे रेक्स.

कंट्रोलकार्ड, तुमच्यासाठी मी सुचवेन ते असं. एक्सेकआयओने मेंबर लिहिणं बंद करा आणि तेच काम एडिट मॅक्रोने करा. बॅचमध्ये आयकेजेईएफटी०१ चालवायचा, त्यात आयएसपीस्टार्टने तुमचं रेक्स, आणि रेक्समधून आयएसपीएफच्या एडिट सर्व्हिसला डेटासेट, मेंबर आणि मॅक्रोचं नाव द्यायचं. मॅक्रो तारखेची ओळ शोधतो, बदलतो, सेव्ह करून बाहेर पडतो. फायदा नुसता लिहिताना लॉक मिळण्याचा नाही. वाचणं, बदलणं आणि लिहिणं, तिन्ही एकाच एसपीएफएडिटच्या आत होतात, मधली फट उरत नाही. फक्त लिहिण्याच्या क्षणी लॉक घेणाऱ्या प्रोग्रामने काही साधत नाही, कारण त्याने वाचलेलं आधीच शिळं झालेलं असतं.

मेंबर कोणाकडे उघडा असेल तर एडिट सर्व्हिस रिटर्न कोड १४ देते. तेव्हा काय करायचं हे तुम्ही ठरवायचं. माझं मत: थोडं थांबून दोनतीनदा प्रयत्न, तरी नाही तर जॉब मोठ्या आवाजात पाडायचा, कोणाकडे अडकलाय ते लॉगमध्ये लिहून. जुन्या तारखेने चाललेली सायकल निस्तरण्यापेक्षा रात्री अकराचा फोन परवडला.

लगेच बघायचं असेल तर टीएसओ आयएसआरडीडीएन उघडून आत ईएनक्यू टाइप करा. मोठं नाव एसपीएफएडिट देऊन शोधलं की त्या घडीला कोणकोणते मेंबर कोणाकडे आहेत ती यादी मिळते. जेवायला गेलेली पोरंही सापडतात.

विहीर_आणि_व्हीसॅम

थोडं अवांतर, पण याच कुळातलं. आमच्याकडे एक केएसडीएस (कीवरून रेकॉर्ड शोधता येणारी व्हीसॅम फाइल) आहे, शेअरऑप्शन्स (३ ३). दिवसा सीआयसीएस (ऑनलाइन व्यवहार चालवणारी सिस्टिम) अपडेट करतं, आणि एक बॅच जॉबही त्याच वेळी अपडेट करतो, 'फक्त थोडेच रेकॉर्ड' म्हणून. अधूनमधून रेकॉर्ड सापडत नाही अशी तक्रार येते. सीनियर म्हणतात व्हेरिफाय मारा. मारतो. काही दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

हिरवापडदा

हा अवांतर नाही, हा मोठा भाऊ आहे.

शेअरऑप्शन्सचा पहिला आकडा एकाच सिस्टिममधल्या वेगवेगळ्या रीजनसाठी, दुसरा वेगवेगळ्या सिस्टिमसाठी. १ म्हणजे वाचणारे कितीही, किंवा लिहिणारा एकच. २ म्हणजे लिहिणारा एक आणि सोबत वाचणारे कितीही, फक्त वाचणाऱ्याला ताजंच दिसेल याची हमी नाही. ३ म्हणजे कोणीही काहीही करा, व्हीसॅम बघणार नाही, जबाबदारी तुमची. ४ मध्ये थेट वाचताना बफर ताजे केले जातात, पण एकमेकांना थांबवणं तरीही तुमच्याच गळ्यात. काहीच दिलं नाही तर (१ ३) धरलं जातं. म्हणजे तुमचं (३ ३) कोणीतरी हाताने लिहिलंय. बहुधा कधीतरी बॅचचा ओपन १६८ या एररने पडला असेल, कोबॉलात फाइल स्टेटस ९३ दिसला असेल, आणि तो 'दुरुस्त' करायला हा आकडा बदलला गेला असेल. म्हणजे एररची तक्रार मिटवायला एरर दाखवणारा दिवाच काढला.

आत काय होतं बघा. सीआयसीएसच्या बफरमध्ये एक कंट्रोल इंटरव्हल (सीआय, म्हणजे रेकॉर्डांचा एक गठ्ठा) आहे, बॅचच्या बफरमध्ये त्याचीच वेगळी प्रत. सीआयसीएसने नवा रेकॉर्ड घातला, जागा नव्हती, सीआय स्प्लिट झाला, अर्धे रेकॉर्ड नव्या इंटरव्हलमध्ये गेले, इंडेक्स बदलला. बॅचला याचा पत्ता नाही. त्याच्या बफरमध्ये जुना, न फुटलेला इंटरव्हल. त्याने त्यातला एक रेकॉर्ड बदलून अख्खा इंटरव्हल परत डिस्कवर लिहिला. आता काही रेकॉर्ड दोन ठिकाणी आहेत, काही कुठेच नाहीत, आणि इंडेक्स तिसरंच सांगतोय.

व्हेरिफाय यातलं काही दुरुस्त करत नाही. कॅटलॉगमधली फाइलच्या शेवटाची नोंद जुळवणं एवढंच त्याचं काम. तुम्हाला बरं वाटतं कारण पुढचा स्प्लिट अजून व्हायचा असतो. खरी तपासणी आयडीकॅम्स युटिलिटीच्या एग्झामिनने करा, इंडेक्सटेस्ट आणि डेटाटेस्ट दोन्ही. फाइल कोणी उघडलेली नसताना चालवा, नाहीतर त्याचे मेसेजही भलते येतात.

उपाय साधा आहे, राजकारण अवघड. आकडा (२ ३) वर आणा. बॅचच्या आधी सीआयसीएसमधून फाइल बंद करा, बॅच संपल्यावर उघडा. तेवढी खिडकी मिळत नसेल तर बॅचने फाइलला हात न लावता सीआयसीएसच्या प्रोग्रामलाच काम सांगावं, ईएक्ससीआयने जमतं. मोठं दुकान असेल तर आरएलएस (रेकॉर्ड लेव्हल शेअरिंग): एसएमएसव्हीसॅम दोघांच्या मधे बसतं, लॉक कपलिंग फॅसिलिटीत (सिस्टिमच्या सामायिक मेमरीत) राहतात, आणि तेही रेकॉर्डपातळीवर. पण फाइल रिकव्हरेबल असेल तर साध्या बॅचला आरएलएसमधून अपडेटला उघडता येत नाही, त्यासाठी ट्रान्झॅक्शनल व्हीसॅम वेगळं लागतं. पैसे पडतात, आणि तो प्रस्ताव तुमच्या माझ्या हातात नसतो.

निशाचर

मूळ विषयावर येऊ या का? कंट्रोलकार्ड, ती पीडीएस काढून पीडीएसई (तिची सुधारित आवृत्ती) करा ना. दोन जण वेगवेगळ्या मेंबरवर एकदम लिहू शकतात, कॉम्प्रेस (आतली वाया गेलेली जागा आवरणं) लागत नाही, कोणी जुना मेंबर वाचत असेल तर बंद करेपर्यंत त्याला जुनाच दिसत राहतो. आम्ही सगळं हलवलंय, सुखात आहोत.

मुलुंडचे_काका

थांबा थांबा. पीडीएसईला हात लावू नका, निदान आत्ता तरी.

बरीच वर्षं सिसप्रोग होतो, आता निवृत्त, त्यामुळे वाचायला वेळच वेळ आहे. कंट्रोलकार्ड, आधी एक सांगा: तुमचा डेव्हलपमेंट एलपार प्रॉडक्शनच्याच सिसप्लेक्समध्ये (एकत्र बांधलेल्या सिस्टिमच्या गटात) आहे का? कन्सोलवर डी एक्ससीएफ मारून यादी बघा. नसेल तर मी म्हणतो त्यावर विचार करा.

वर एनक्यूचं जे सगळं सांगितलं ते ओएसमधलं जीआरएस सांभाळतं. एका सिसप्लेक्समधल्या सिस्टिम जीआरएसने एकमेकांचे एनक्यू बघतात. स्टार पद्धतीत ते कपलिंग फॅसिलिटीतल्या आयएसजीलॉक या स्ट्रक्चरमधून होतं. सिसप्लेक्सबाहेरच्या सिस्टिमला यातलं काही दिसत नाही. डिस्क दोघांना दिसते, एनक्यू दिसत नाही. तुम्ही प्रॉडक्शनवर ओल्ड लावा नाहीतर आणखी काही लावा, डेव्हवरचा माणूस ऐटीत तीच लायब्ररी लिहील. ते एस२१३-३० सुद्धा पलीकडच्यासाठी उठत नाही.

आता 'नाव एकाचं, पोट दुसऱ्याचं' कसं होतं. पीडीएसमध्ये नवा मजकूर नेहमी आतापर्यंत वापरलेल्या जागेच्या पुढे लिहिला जातो, आणि ती जागा कुठवर आलीय हे व्हीटॉकमधल्या (डिस्कच्या अनुक्रमणिकेतल्या) डेटासेटच्या नोंदीत असतं. दोन सिस्टिमनी पाठोपाठ ओपन केलं. दोघांनी तीच जागा वाचली. दोघांनी तिथूनच लिहिलं. मग दोघांनी डिरेक्टरीत आपापल्या मेंबरसमोर तोच पत्ता टाकला. मजकूर मागून लिहिणाऱ्याचा टिकला, नावं दोन्ही राहिली. तुमच्या वर्णनाशी हे तंतोतंत जुळतं.

पूर्वी यासाठी रिझर्व्ह होता. तो अख्खा व्हॉल्यूम हार्डवेअरने धरतो, त्याला सिसप्लेक्सची गरज नाही. आयएसपीएफ सेव्ह करताना पीडीएससाठी तो मागतंही. पण त्याने व्हॉल्यूमवरचं बाकी सगळं अडतं, म्हणून लोक आरएनएलमध्ये (जीआरएसच्या नावांच्या याद्यांमध्ये) रिझर्व्ह कन्व्हर्जन लावून त्याचा साधा एनक्यू करून टाकतात. सिसप्लेक्सच्या आत हे अगदी योग्य. पण डिस्क बाहेरच्या सिस्टिमलाही दिसत असेल तर तुम्ही हार्डवेअरचं संरक्षण काढलंत आणि बदल्यात बाहेरच्याला न दिसणारं दिलंत. तुमच्या प्रॉडक्शनवर हे झालेलं असणार असा माझा कयास. डी जीआरएस, आरएनएल=ऑल मारून बघायला सांगा.

आणि निशाचर, म्हणून पीडीएसई नको म्हटलं. पीडीएसईचं सामायिक वापरणं एक्ससीएफवर (सिसप्लेक्सच्या आतल्या संपर्कावर) चालतं, ते सिसप्लेक्सची वेस ओलांडत नाही. बाहेरच्या सिस्टिमने त्यात लिहिलं तर एखाद्या मेंबरवर भागत नाही, आतली रचनाच मोडते आणि अख्खी लायब्ररी उघडेनाशी होऊ शकते. पीडीएसचा सत्यानाश निदान दिसतो तरी. आधी डिस्कचं बघा, मग खुशाल पीडीएसई करा. करताना पीडीएसईशेअरिंग एक्स्टेंडेड आहे का तेही बघा. नॉर्मल असेल तर सिसप्लेक्समध्येही अडखळाल.

निशाचर

काका, दंडवत. आमच्याकडे एकच सिसप्लेक्स आहे म्हणून सुखात होतो, हे आत्ता कळलं.

कंट्रोलकार्ड

सगळ्यांचे आभार. इतक्या तपशिलाची अपेक्षा नव्हती.

काकांचा कयास बरोबर निघाला. डेव्ह सिसप्लेक्समध्ये नाहीये, आणि प्रॉडक्शनवर रिझर्व्ह कन्व्हर्जन आहे. डेव्हवर ती डिस्क ऑनलाइन का, तर कोण्या एके काळी कुणाला तरी प्रॉडक्शनची कार्डं 'फक्त बघायला' हवी होती. त्या लोकांना अपडेटचाही अधिकार होता, तो कोणी काढला नाही. डिस्क डेव्हवरून ऑफलाइन करायची चेंज रिक्वेस्ट टाकली आहे, डेव्हला रोज एक प्रत पाठवू. मंजुरीपर्यंत डेव्हच्या रॅकफमध्ये ती लायब्ररी रीडवर आणून ठेवली.

रेक्सच्या जागी एडिट मॅक्रोचं काम घेतलंय. टेस्टमध्ये रिटर्न कोड १४ मुद्दाम आणून बघितला, येतो.

आता दोन प्रश्न. बिघडलेले मेंबर परत कसे मिळवायचे? आणि ज्यांचे बदल जॉबने खाल्ले असे बाकीचे मेंबर शोधायचे कसे? मालकांना यादी हवी आहे.

मुलुंडचे_काका

पहिल्यासाठी: कोणालाही ती लायब्ररी कॉम्प्रेस करू देऊ नका. आजच सांगा, आणि रात्री कॉम्प्रेसचा जॉब असेल तर होल्डवर टाका. पीडीएसमध्ये मेंबर नव्याने लिहिला तरी जुना मजकूर मागे तसाच पडून असतो, फक्त डिरेक्टरी त्याच्याकडे बोट दाखवत नाही. कॉम्प्रेस झाला की तो गेला. सीबीटी टेप या संग्रहातल्या फुकट पीडीएस कमांडमध्ये रिस्टोर आहे, तो अशा अनाथ मजकुरावरून चालत जातो आणि तुम्ही म्हणाल त्याला पुन्हा नाव देतो. एकमेकांवर लिहिलं गेलेलं मात्र तिथे मिळणार नाही. त्यासाठी एचएसएमचा बॅकअप दुसऱ्या नावाने रिकव्हर करा आणि सुपरसी या तुलनेच्या टूलने मेंबर जुळवून बघा. चालू लायब्ररीवर थेट रिकव्हर करू नका, मधले चांगले बदलही उडतील.

बॅचवाला

दुसऱ्यासाठी: मेंबर लिस्ट उघडा आणि स्टॅट्सचे रकाने बघा. आयएसपीएफमधून सेव्ह केलेल्या मेंबरसमोर तारीख, वेळ, आयडी असतं (कोणी स्टॅट्स बंद केले नसतील तर). एक्सेकआयओने लिहिलेल्याचे स्टॅट्स उडतात, रकाना कोरा राहतो. म्हणजे कोरे दिसतील तिथे शेवटचा हात जॉबचा. कालच्या बॅकअपमध्ये त्याच मेंबरसमोर एखाद्याचा आयडी आणि संध्याकाळची वेळ असेल, तर त्या माणसाला विचारायचं.

उलट बाजूसाठी, म्हणजे माणसाने जॉबचं खाल्लंय असे मेंबर, एसएमएफ (सिस्टिम आपोआप ठेवते त्या नोंदी) लागेल. टाइप १५ मध्ये आउटपुटला उघडलेल्या डेटासेटची नोंद असते, जॉबचं नाव आणि वेळेसकट. मेंबरपर्यंत पोचवणार नाही कदाचित, पण जॉबच्या पुढच्या तासाभरात कोणाकोणाच्या टीएसओने ती लायब्ररी लिहिली ते मिळेल. त्या आयडींचे स्टॅट्स त्या वेळेशी लावून बघा. डेव्हचं एसएमएफ वेगळं मागा, ते प्रॉडक्शनच्या डंपमध्ये नसणार.

कंट्रोलकार्ड

कॉम्प्रेसचा जॉब खरंच होता, दर शनिवारी. होल्ड केला. कोरे रकाने मोजायला बसलोय, बरेच आहेत. दोन्हीकडचं एसएमएफ मागितलंय. डेव्हवाल्यांनी विचारलंय, कशासाठी हवंय.

बॅचवाला

या धाग्याची लिंक द्या. :)